काळजीचे मोजमाप

हवामानबदलाची धास्ती तरुणांच्या मनात किती खोल गेली आहे, हे मोजण्याचा एक मोठा प्रयत्न २०२१ साली झाला. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या कॅरोलाइन हिकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वयाच्या दहा हजार जणांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष त्याच वर्षी ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात आले. ५९ टक्के तरुणांना फार किंवा अतिशय काळजी वाटत होती. ४५ टक्क्यांहून अधिक जण म्हणाले, की या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो. हे आकडे भाषणांतून वारंवार ऐकू येतात. म्हणूनच ते कसे मिळाले हे पाहायला हवे.

प्रथम ४५ टक्क्यांचा आकडा घेऊ. झोप, जेवण, अभ्यास, खेळ, नातेसंबंध अशांपैकी कोणत्याही एका बाबतीत परिणाम होत असला, तरी उत्तर ‘होय’ द्यायचे होते. त्यामुळे एखादी रात्र तळमळलेला मुलगा आणि कित्येक महिने खचून गेलेला मुलगा एकाच रकान्यात बसतात. यावरून निम्मी तरुण पिढी मनाने आजारी आहे असे म्हणणे चूक ठरेल. संशोधकांनीही तसे म्हटलेले नाही. खऱ्या संकटाची काळजी वाटणे हा आजार नव्हे, असेच त्यांचे मत आहे.

दुसरा मुद्दा वेळेचा आणि निवडीचा. पाहणी मे-जून २०२१ मध्ये, इंटरनेटवरून झाली. तेव्हा आपल्याकडे कोविडची दुसरी लाट होती. मन अस्वस्थ असायला इतरही कारणे होती. शिवाय पाण्याच्या हंड्यापायी जिची शाळा बुडते, त्या मुलीपर्यंत असे प्रश्न क्वचितच पोचतात.

सरकारे पुरेसे काही करीत नाहीत असे मानणाऱ्यांमध्ये अस्वस्थता अधिक आढळली. हा केवळ सहसंबंध आहे. एकामुळे दुसरे घडते हे त्यातून सिद्ध होत नाही.

तरीही ही पाहणी आम्हाला मोलाची वाटते, ती एका वेगळ्याच आकड्यामुळे. या विषयावर इतरांशी बोलणाऱ्यांपैकी ४८ टक्के जणांना, आपल्याकडे दुर्लक्ष झाले किंवा आपले म्हणणे उडवून लावले गेले, असा अनुभव आला. ‘तुला काय करायचंय? आधी अभ्यास कर,’ असे वर्गात आपणही म्हणून जातो. आकड्यांची चिकित्सा जरूर करावी. पण आधी विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि मग ती चिकित्सा त्याच्याच सोबत बसून करावी.