सेनानायकांचीं नांवें आणि राज्यव्यवहारकोश

शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून सिद्ध झालेला व रघुनाथ नारायण हणमंते यांच्या नांवें प्रसिद्ध असलेला राज्यव्यवहारकोश आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. दहा वर्गांच्या या पद्यबद्ध कोशांत दरबारीं रुळलेल्या यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजिले आहेत. त्याची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु जुन्या कागदांच्या नकला करणारे कित्येक सद्गृहस्थ या कोशावर हवाला ठेवून ‘सरनौबत’ खोडून ‘सेनापति’ लिहितात. आणि कोशानें भागलें नाहीं म्हणजे अर्थशास्त्राकडे वळून आरमाराच्या सुभेदारास ‘नावध्यक्ष’ करून टाकितात. ही रीति घातक आहे, असें आमचें मत आहे. सैन्याच्या व जहाजांच्या नायकांस लाविलेल्या शब्दांपुरता तिचा विचार येथें करूं.

पहिली गोष्ट ही कीं, हा कोश म्हणजे तत्कालीन भाषेचा आरसा नव्हे. पुढें भाषा कशी असावी याविषयींची ती राजेच्छा आहे. १६७४ सालीं रायगडीं राज्याभिषेक झाला, तेव्हां पेशव्याचा मुख्य प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापति झाला. अर्थात् अधिकारपद या नात्यानें ‘सेनापति’ हा शब्द कागदाचा काळ सांगणारा आहे. १६७४ च्या पूर्वीचें म्हणून दाखविलेल्या एखाद्या दरबारी मराठी पत्रांत नेतोजी पालकर ‘सेनापति’ या हुद्यानें आले, तर संग्राहकानें तो कागद पुन्हां एकवार उजेडांत धरून पाहावा. उलट, त्या सालानंतर ‘सरनौबत’ दिसला म्हणून कागद बनावट ठरत नाहीं. कारण राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासदही तो शब्द सोडीत नाहीं. नकलकारानें शब्दच बदलला, कीं ही कसोटी कायमची गेली.

दुसरी गोष्ट. एका शब्दामागें एकच अधिकार असतो, असें नाहीं. घोडदळाचा सरनौबत निराळा, पायदळाचा निराळा. शिवाय प्रत्येक किल्ल्यावर हवालदार व सबनीस यांच्या जोडीस एक सरनौबत असेच. या तिघांसही सेनापति म्हणूं लागल्यास प्रत्येक डोंगरी किल्ल्यावर एक सेनापति नांदूं लागेल! शब्दाची फोड करून अर्थ काढण्याची संवयही अशीच फसवी आहे. शिवशाहींतील घोडदळांत पंचवीस राउतांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर एक हजारी. हिशेब केला तर हजारीच्या हाताखालीं राऊत भरतात साडेबाराशें.

संस्कृत शब्द तरी स्थिर अर्थाचे आहेत काय? कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत वेतनाच्या प्रकरणीं सेनापतीस ४८,००० पण आणि नायकास १२,००० पण सांगितले आहेत. तेथें सेनापति श्रेष्ठ. परंतु त्याच ग्रंथाच्या दहाव्या अधिकरणांत दहा पदिकांवर एक सेनापति व दहा सेनापतींवर एक नायक अशी उतरंड आहे. तेथें नायक श्रेष्ठ. हाच नायक शिवशाहीच्या पायदळांत अवघ्या नऊ पाइकांचा नाईक होऊन बसला आहे. एकाच ग्रंथांत ज्या शब्दाची पायरी दोन ठिकाणीं दोन आहे, तो कित्येक शतकांनंतरच्या कागदांत घालून अर्थ स्पष्ट होईल, ही आशा व्यर्थ होय.

समुद्रावर तर हा घोटाळा अधिकच होतो. अर्थशास्त्रांतील नावध्यक्षास चांचे लोकांच्या नावा नष्ट करण्याचा अधिकार आहे खरा; पण त्याचें मुख्य काम बंदरांचें शुल्क, तराचें भाडें व कोळ्यांकडील सहावा हिस्सा वसूल करण्याचें. सभासदानें सांगितलेले आरमाराचे सुभेदार दर्यासारंग व मायनाक भंडारी यांस तें नांव देणें म्हणजे लढवय्यांस जकातदार ठरविणें होय. ‘सरखेल’ शब्दाचा प्रवास याहून बोधप्रद आहे. अरबींत ‘खैल’ म्हणजे घोडे, घोडेस्वार. बरनीच्या इतिहासांत सरखेलाच्या हाताखालीं दहा स्वार दिले आहेत. तोच शब्द कोंकणांत येऊन कान्होजी आंग्रे यांच्या नांवास जोडला गेला, आणि घोड्यांचा नायक जहाजांचा नायक झाला. युरोपांतील ‘ॲडमिरल’ शब्दही अरबी ‘अमीर’ पासूनच निघाला; मुळांत त्यास समुद्राचा वासही नव्हता. ‘आरमार’ हें पोर्तुगेज ‘आर्मादा’चें रूप; परंतु अमात्य हें संस्कृत पद धारण करणाऱ्या रामचंद्रपंतांच्या आज्ञापत्रांतही आरमारास आरमारच म्हटलें आहे.

पुढें तर पद एकाकडे व काम दुसऱ्याकडे असाही प्रकार झाला. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत सेनापति त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर सेनापतिपद अल्पवयी यशवंतरावांस मिळालें; कारभार मात्र मुतालिक या नात्यानें पिलाजी गायकवाडांकडे गेला, आणि त्यांचा किताब ‘सेनाखासखेल’. संस्कृत ‘सेना’ व अरबी ‘खास’ आणि ‘खेल’ यांचा हा समास कोणत्या कोशानें शुद्ध करावा?

राज्यव्यवहारकोशाचा खरा गुण आमच्या मतें हा कीं, कोशकारानें यावनी शब्द टाकून न देतां संस्कृत शब्दाच्या शेजारीं बसविला. म्हणून आज आपणांस दोन्ही ठाऊक आहेत. त्याच्या नांवावर चालणाऱ्यांनीं निदान त्याची ही एवढी रीति तरी पाळावी. मूळ शब्द काना-मात्रेसह जसाच्या तसा उतरावा. प्रतिशब्द सुचला तर समासांत लिहावा. कागद एकदां कसरीच्या तोंडीं पडला, म्हणजे मागें नक्कलच उरते. आणि तींत ‘सेनापति’ असें असल्यास मुळांत काय होतें, हें सांगण्यास कोणताही कोश समर्थ नाहीं.