हत्ती दाखवणारा कोण होता?

आजचा विषय आहे दिव्यांग विद्यार्थी आणि महाविद्यालयातला प्राध्यापक. पण मी सुरुवात करणार आहे एका दृष्टांतापासून, कारण आपल्या वागण्यातला दोष मला त्या दृष्टांतात फार स्वच्छ दिसतो.

आंधळे आणि हत्ती. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. संस्कृतात तिला अंधगजन्याय म्हणतात. जैनांचा अनेकान्तवाद शिकवायला घेतला की तत्त्वज्ञानाच्या वर्गात ती हमखास येते. वर्गात एखादा दृष्टिहीन विद्यार्थी बसलेला असतो, तेव्हाही येते. मुलं हसतात, प्राध्यापक पुढे जातात.

माझा आक्षेप ‘आंधळा’ या शब्दाला नाही. आक्षेप असा आहे, की ही गोष्ट आपण अर्धीच वाचतो. बौद्धांच्या पाली साहित्यात ‘उदान’ नावाचा ग्रंथ आहे, त्यात ती येते. श्रावस्तीचा राजा एका माणसाला आज्ञा देतो, की नगरातले सगळे जन्मांध गोळा कर आणि त्यांना हत्ती दाखव. आता तो माणूस काय करतो ते बघा. काहींच्या हाती तो डोकं देतो, काहींच्या हाती कान, कुणाला सोंड, कुणाला पाय, कुणाला शेपटी. आणि प्रत्येकाला सांगतो, की हत्ती तो हाच. पुढे ते भांडतात, गुद्द्यांवर येतात, आणि राजाला त्याची मोठी मजा वाटते.

बुद्धाचा रोख एकच बाजू धरून भांडणाऱ्या पंथांवर होता, हे मान्य. पण ज्ञानमीमांसेचा विद्यार्थी म्हणून मी विचारतो, इथे चूक कोणाची? हाताने हत्ती कळत नाही, असं कुणी ठरवलं? त्या माणसांना हत्तीभोवती फिरू दिलं असतं, वेळ दिला असता, तर त्यांना हत्ती कळला असता. उलट डोळस माणसाला दाराच्या फटीतून नुसती शेपटी दाखवा, तोही दोरीच म्हणेल. अपुरं ज्ञान आलं ते दाखवणाऱ्याच्या पद्धतीतून. पण दोष मात्र कायमचा आंधळ्यांच्या माथी बसला.

आपल्या महाविद्यालयांत हत्ती दाखवणारा तो माणूस म्हणजे प्राध्यापक. म्हणून आज टीका करायची ती त्याच्यावर, म्हणजे आपल्या सगळ्यांवर.

आता कायदा थोडक्यात सांगतो. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. पण माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट आहे ‘रास्त सोय’ ही कल्पना. संस्थेवर अवाजवी भार न टाकता त्या व्यक्तीसाठी जे आवश्यक बदल करता येतात, ते करायचे. ते नाकारणं हा कायद्याने भेदभाव ठरतो. म्हणजे प्राध्यापकाची मदत हा आता त्याच्या चांगुलपणाचा प्रश्न उरलेला नाही.

प्रत्यक्षात काय होतं? आपला बुलढाणा जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात येतो. घाटाखालच्या गावातून एखादी मुलगी कुबड्या घेऊन एसटीने कॉलेजला येते. एसटीत सवलत आहे, पण पायरी उंच आहे. ती सगळी यातायात करून ती पोचते, आणि तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर असतो. दारात उतरंड बांधलेली असते, तिचा फोटो मूल्यांकनाच्या अहवालात लागलेला असतो. वर्ग खाली आणायला मात्र सिमेंट लागत नाही. वेळापत्रकात एक खोली बदलावी लागते. ते वेळापत्रक करतो कोण? आपल्यातलाच एक प्राध्यापक.

नोट्सचं घ्या. पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, की आपल्याला वाटतं काम झालं. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या मोबाइलमधला स्क्रीन रीडर अक्षरं वाचतो, फोटो त्याला तसा वाचता येत नाही. टाइप केलेल्या नोट्स कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये असल्या, तर त्याच्या कानावर निव्वळ गोंधळ पडतो. तोच मजकूर युनिकोडमध्ये दिला, तर तो ओळ न् ओळ ऐकू शकतो. संगणकावर वाचून दाखवणारी एनव्हीडीए ही प्रणाली फुकट मिळते. ती ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी सुरू केली. त्यांनी त्यांचं काम केलं, आपल्याला फक्त फाँट बदलायचा आहे.

फळ्याचंही तसंच. ‘हे इथून तिथे गेलं’ असं म्हणत आपण समीकरण सोडवतो. हे काय, इथे म्हणजे कुठे? जे लिहितो ते बोलायचं, एवढंच. आणि बोलताना फळ्याकडे तोंड करायचं नाही, कारण कमी ऐकू येणारा मुलगा आपले ओठ बघत असतो. जो मुलगा सांकेतिक भाषेत बोलतो त्याला एवढ्याने भागणार नाही, त्याला दुभाषा लागेल. तो मिळवून देणं संस्थेचं काम आहे, पण त्यासाठी पहिला अर्ज विभागाने करायला हवा.

आता जरा जास्त वेळ घेतो तो लेखनिकाच्या प्रश्नावर. आपल्याकडे ही परंपरा फार जुनी आहे. व्यासांना गणपती लाभला, ज्ञानेश्वरांना सच्चिदानंदबाबा. आणि आपल्याच अमरावतीकडचे गुलाबराव महाराज घ्या. तान्हेपणीच दृष्टी गेली, १८८१ ते १९१५ एवढंच आयुष्य, आणि शंभराहून अधिक ग्रंथ. आपण त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतो, चमत्कार म्हणतो आणि हात जोडतो. मला हे हात जोडणं संशयास्पद वाटतं. कुणीतरी त्यांना ग्रंथ वाचून दाखवले, कुणीतरी त्यांचं बोलणं उतरून घेतलं. ते कष्ट ‘चमत्कार’ या शब्दाखाली झाकले जातात. चमत्कार म्हटलं की महाविद्यालयाला काहीच करावं लागत नाही!

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ दिला, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण स्वतः आणलेला लेखनिक एक पायरी कमी शिकलेला असावा, असंही सांगितलं. कॉपीची भीती समजते. तरी गणपतीची गोष्ट आठवा. व्यासांनी त्याला अट घातली होती, की अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. आपण पेपरच्या आदल्या दिवशी विद्यार्थ्याला गावभर फिरायला लावतो, आणि हाती लागतो तो ‘अनुमान’ आणि ‘अनुदान’ यांत घोटाळा करणारा पोरगा. मार्क मात्र कापले जातात परीक्षार्थ्याचे. विभागाने सत्राच्या सुरुवातीलाच लेखनिकांची यादी केली आणि चाचणी परीक्षेत दोघांचा सराव करून घेतला, तर हे टळेल.

लेखनिक फक्त चाळीस टक्क्यांच्या वरच्यांनाच, हा समजही सोडा. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या विकास कुमार यांच्या खटल्यात, ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला.

मघाशी एका सहकाऱ्यांनी विचारलं, मग दर्जाचं काय? प्रश्न योग्य आहे, टाळू नये. न्यायदर्शनात लक्षण म्हणजे वस्तूचा असाधारण धर्म, जो नसेल तर ती वस्तू तीच राहत नाही. प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकाने हा प्रश्न आपल्या पेपरला लावावा. तर्कशास्त्राच्या पेपरचं लक्षण काय? युक्तिवाद तपासता येणं. तीन तासांत चोवीस पानं खरडणं ही नुसती सवय आहे. सवय सोडल्याने दर्जा घसरत नाही. प्रयोगशाळेत कदाचित हाताचं कौशल्य हेच लक्षण असेल. तिथे विद्यार्थ्याला समोर बसवून, काय जमतं आणि कशाने जमेल हे बघून ठरवावं. नुसत्या टक्क्यावरून ठरवू नये. ओंकार गोंड यांच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने हेच सांगितलं.

आणखी एक अडचण खरी आहे. तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजं करणाऱ्या प्राध्यापकावर हे सगळं टाकणं अन्याय होईल. दुभाषा, लिफ्ट, लेखनिकाचं मानधन हा संस्थेचा आणि विद्यापीठाचा खर्च आहे. पण बोलत लिहिणं, युनिकोड, खालची खोली यांना पैसा लागत नाही. पैशाचं कारण या तिन्हींच्या आड आणू नये.

तेव्हा नव्या सत्राच्या पहिल्या तासाला प्रत्येक वर्गात एवढं सांगा, की ज्यांना शिकताना वेगळी सोय लागते त्यांनी मला सवडीने भेटावं, जे बोलाल ते माझ्याजवळ राहील. आणि तो विद्यार्थी आला, की काय लागेल ते आपण ठरवू नका, त्यालाच विचारा. कोणत्या बाजूने हात लावला तर हत्ती कळतो, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.