त्वचापूरक द्रव्ये आणि दृष्टिनाश : दोन संकलनांचे परीक्षण

चेहऱ्यावरील सुरकुत्या व खळगे भरण्यासाठी ‘फिलर’ नावाची जी द्रव्ये टोचण्यात येतात, त्यांमुळे क्वचित कायमचे अंधत्व येते. अशा प्रसिद्ध रुग्णवृत्तांतांचे संकलन बेलेझ्ने व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली केले. त्यात ९८ रुग्ण होते. २०१९ च्या पुरवणीने आणखी ४८ रुग्णांची भर घातली. या लेखांचा आधार वारंवार घेतला जातो. म्हणूनच त्यांतून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे तपासणे अगत्याचे आहे.

अपघात कसा घडतो याविषयीचे विवेचन पटण्याजोगे आहे. भ्रूमध्यातील व नाकावरील धमन्या नेत्रधमनीशी जोडलेल्या असतात. सुई अशा धमनीत शिरून द्रव्य जोराने दाबले गेले, तर ते रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने मागे सरकते. आणि दाब ओसरताच पुढे वाहत दृष्टिपटलाच्या धमनीत जाऊन अडकते. थोडे थोडे व सावकाश टोचावे, हा उपदेश एवढ्यावरूनही मान्य व्हावा.

आकड्यांविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. पहिल्या संकलनात सुमारे ४८ टक्के रुग्ण स्वतःची चरबी टोचून घेतलेले होते. दुसऱ्यात ८१ टक्के रुग्ण हायल्युरॉनिक आम्लाचे आहेत. मधल्या काळात चरबी निरुपद्रवी झाली आणि आम्ल घातक बनले, असे कोणी म्हणणार नाही. बदलला असेल तो बहुधा वापर. एकंदर किती जणांना टोचले, हा छेदच हाती नसताना अंश कितीही काटेकोरपणे मोजला, तरी धोक्याचे प्रमाण निघत नाही. पहिल्या संकलनात अग्रस्थानी असलेले भ्रूमध्य दुसऱ्यात नाकाच्या मागे पडते, त्याचाही अर्थ याच बेताने लावला पाहिजे.

त्वचेची धमनी तुंबल्यास उपाय हाती असतो. त्वचा पांढरी पडणे, जाळीदार जांभळटपणा, दाबून सोडल्यावर रंग उशिरा परतणे या तिच्या खुणा होत. वेदनेवर विसंबणे धोक्याचे. पुष्कळ फिलरांत लिडोकेन मिसळलेले असते व ते नेमकी हीच सूचना दडपते. डिलोरेन्झी यांनी २०१७ मध्ये सुचविलेली पद्धत, म्हणजे बाधित क्षेत्राच्या विस्तारानुसार हायल्युरॉनिडेजची मोठी मात्रा पुनःपुन्हा देणे, व्यवहारोपयोगी आहे. परंतु तिचा आधार रुग्णानुभवाचा आहे, नियंत्रित तुलनेचा नव्हे. शिवाय हे विकर केवळ हायल्युरॉनिक आम्लच विरघळविते; चरबीपुढे अथवा कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइटपुढे त्याचे काही चालत नाही.

डोळ्यामागे हायल्युरॉनिडेज टोचण्याचा मार्ग याहून कच्चा आहे. २०१५ च्या लेखाने त्याचा विचार करण्यास सुचविले होते. अंधत्वावर खात्रीने लागू पडणारा उपाय आढळला नाही, हे २०१९ मध्ये लेखकांनीच नमूद केले. संमतिपत्रावर रुग्णाची सही घेताना हे दुसरे विधान त्याला वाचून दाखविले जाते काय, हा प्रश्न या लेखांच्या कक्षेबाहेरचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही.