अप्रकट उष्मा आणि फळ्यावरचा जिना

अप्रकट उष्म्याचा धडा सुरू झाला की फळ्यावर एक जिना उभा राहतो. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर तापमान. एक चढण, एक पायरी, पुन्हा चढण, पुन्हा पायरी. पहिल्या पायरीवर बर्फाचे पाणी होते, दुसऱ्या पायरीवर पाण्याची वाफ. खाली व्याख्या, त्याखाली ८० आणि ५४० हे दोन आकडे, आणि मग उदाहरणे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात ‘उष्णता’ या प्रकरणात हा विषय आहे; त्याआधीच्या पुस्तकांतही तो होताच. पुस्तके बदलली तरी फळ्यावरचा जिना बदलला नाही. या जिन्याबद्दलच येथे थोडे लिहावयाचे आहे, कारण तो जसा काढला जातो तसा तो कोणी कधी मोजलेला नसतो.

प्रथम त्याच्या मापाविषयी. बहुतेक वेळा दोन्ही पायऱ्या जवळजवळ सारख्या लांबीच्या काढलेल्या आढळतात. वाचकांनी हाताशी असलेल्या पुस्तकातली किंवा गाईडातली आकृती पट्टीने मोजून पाहावी. एक ग्रॅम बर्फ −२०° सेल्सिअसपासून ०° पर्यंत आणण्यास सुमारे १० कॅलरी लागतात, तो वितळण्यास ८०, झालेले पाणी १००° पर्यंत तापण्यास १०० आणि त्याची वाफ होण्यास ५४०. उष्णता एकसारख्या वेगाने मिळत आहे असे धरले आणि पहिल्या टप्प्याला एक मिनिट लागले, तर वितळण्यास आठ मिनिटे, तापण्यास दहा आणि उकळून संपण्यास चौपन्न मिनिटे लागतील. शाळेचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो. दोन मिनिटांना एक सेंटिमीटर असे माप घेतले तर पहिली पायरी ४ सेंटिमीटरची आणि दुसरी २७ सेंटिमीटरची होते. आलेखाचा कागद आडवा धरला तरी ती त्यात मावत नाही. दुसरा कागद चिकटवावा लागतो. माझ्या मते मुलांना तो चिकटवायलाच लावावा. ५४० हा आकडा पाठ असलेल्या मुलाला तो किती मोठा आहे हे त्या चिकटवलेल्या कागदाने कळते. डाळीला उकळी आली की आई गॅस बारीक का करते, आणि बारीक केल्याने डाळ शिजायला उशीर का होत नाही, हेही त्या लांबलचक आडव्या रेषेवर बोट ठेवून सांगता येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बर्फाचे खडे चंचुपात्रात घेऊन खालून स्पिरिटचा दिवा लावला, तर तापमापी शेवटचा खडा वितळेपर्यंत निमूटपणे ०° वर थांबत नाही. तळाशी झालेले पाणी तापू लागते, वर बर्फ तरंगत असतो, आणि फुगा कोठे आहे त्याप्रमाणे वाचन दोन, चार, कधी सहा अंशही येते. बर्फ बारीक कुटून, सतत ढवळून, ज्योत अगदी लहान ठेवली तरच पायरी बरीचशी आडवी येते. उकळण्याचेही तसेच. समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटरला उत्कलनांक सुमारे एक अंशाने उतरतो. म्हणजे पुण्यात पाणी ९८° च्या आसपास उकळते आणि महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या. शिवाय शाळेतल्या तापमापीची स्वतःची एखाद्या अंशाची चूक असतेच. असे असूनही पुण्याच्या काय किंवा महाबळेश्वरच्या काय, प्रयोगवहीत ० आणि १०० हेच आकडे येतात. मूल तापमापी वाचते, पुस्तकाकडे पाहते, आणि पुस्तकातला आकडा लिहिते. अप्रकट उष्म्याच्या धड्यात ते जे खरोखर शिकते ते हे. ९८ लिहिणाऱ्याचा एक गुण कापला गेला तर त्या वर्गात पुन्हा कोणी ९८ लिहीत नाही. उलट ९८ का आले असे विचारले असते, तर दाब आणि उत्कलनांक यांचा पुढचा धडा तेथेच सुरू झाला असता.

मुळात दिवा आणि जिना यांच्या आधारे हा शोध लागलेलाच नाही. जोसेफ ब्लॅक यांनी ग्लासगो येथे १७६१-६२च्या सुमारास जो प्रयोग केला त्यात ज्योत नव्हती. त्यांनी सारख्या आकाराची दोन काचेची भांडी घेतली. दोहोंत सारखेच पाणी. एकातले गोठवले, दुसऱ्यातले जवळजवळ गोठणबिंदूपर्यंत, ३३° फॅरनहाइटपर्यंत, थंड केले. मग दोन्ही भांडी एका मोठ्या रिकाम्या दालनात टांगून ठेवली. दालनाचे तापमान ४७° फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ८° सेल्सिअस होते. पाणी अर्ध्या तासात ७ अंशांनी चढून ४०° वर आले. बर्फाच्या भांड्याला त्याच ४०° पर्यंत यायला साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीस अर्धे तास. ब्लॅक यांचा हिशेब सरळ होता. सातचे एकवीसपट १४७. त्यातील ८ अंश वितळलेले पाणी तापण्यात गेले. उरलेले १३९ अंश बर्फाने घेतले आणि तापमापीला दिसू दिले नाहीत. आजचा आकडा त्याच मापाने १४४ येतो. घड्याळ, तापमापी आणि दोन भांडी एवढ्यावर हे झाले. हे त्यांनी व्याख्यानांतून शिकवले. ती व्याख्याने पुस्तकरूपाने त्यांच्या मृत्यूनंतर, १८०३ साली प्रसिद्ध झाली.

या प्रयोगाची ताकद शेजारच्या भांड्यात आहे. दिव्यावर बर्फ ठेवला की उष्णता आत जात आहे हे मुलाला आपण सांगतो म्हणून मान्य करावे लागते. टांगलेल्या भांड्यांत मात्र ते दिसते. शेजारचे पाणी तापते आहे, तेव्हा त्याच हवेतून बर्फालाही उष्णता मिळतेच आहे. मग बर्फाचे तापमान का चढत नाही? प्रश्न मुलाच्या मनात आपोआप उभा राहतो. उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वाक्य फळ्यावर लिहून जे साधत नाही, ते येथे साधते.

आपल्याकडे हा प्रयोग आणखी सोपा आहे, कारण वर्गातली हवाच २८°-३०° असते. सारखे दोन स्टीलचे पेले, प्रत्येकात शंभर ग्रॅम पाणी. एक आदल्या रात्री कोणाच्या तरी घरच्या फ्रीजमध्ये गोठवून आणावा, आणि तो वितळू लागल्यावरच वेळ मोजावी, कारण फ्रीजमधून काढलेला बर्फ ०° च्या बराच खाली असतो. दुसऱ्यात बर्फाने थंड करून, खडे काढून टाकलेले पाणी. या पाण्याला ०° वरून ४° वर यायला जितका वेळ लागेल, त्याच्या सुमारे वीसपट वेळ बर्फ वितळायला लागावा. पहिले काम काही मिनिटांचे, दुसरे दोन-तीन तासांचे; सकाळी मांडले तर दुपारपर्यंत उरकते. वीसपटीऐवजी सोळापट आली तर सोळाच लिहू द्यावे.

पेल्यांना बाहेरून घाम फुटेल. तो पुसून टाकू नये, त्याच्याविषयी बोलावे. हवेतल्या बाष्पाचे पाणी होताना प्रत्येक ग्रॅममागे जवळजवळ ६०० कॅलरी पेल्याला मिळतात, आणि तेवढ्यात सात ग्रॅमहून अधिक बर्फ वितळतो. जुलैत बर्फ डिसेंबरपेक्षा लवकर का वितळतो याचे एक कारण हेच. तुलनेला त्याने मोठासा धोका नाही, कारण दोन्ही पेले जवळजवळ सारखेच थंड असल्याने घामही सारखाच येतो.

आता शब्दाविषयी थोडेसे. ब्लॅक यांच्या काळी उष्णता हा एक द्रव समजला जात असे. तो बर्फात शिरून लपतो, म्हणून ‘अप्रकट’. आज आपण उष्णता म्हणजे तापमानातील फरकामुळे एका वस्तूतून दुसरीत जाणारी ऊर्जा असे शिकवतो, आणि पुढच्याच पानावर ती पदार्थात लपून बसते असे सुचवतो. शब्द बदलावा असे माझे म्हणणे नाही. तो रुळला आहे. पण ०° चा बर्फ आणि ०° चे पाणी यांच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच असते, आलेली ऊर्जा रेणूंमधील बंध सैल करण्यात खर्च झालेली असते आणि म्हणून ती स्थितिज ऊर्जेत धरावी लागते, हे सांगितले पाहिजे. वितळताना या बंधांचा थोडाच भाग तुटतो, वाफ होताना जवळजवळ सारे तुटतात. ८० आणि ५४० यांतील अंतर मुख्यत्वे यामुळे आहे.

राहिली उदाहरणे. एक उदाहरण वर्गात घालून पाहावे: २०° च्या ४० ग्रॅम पाण्यात ०° चा २० ग्रॅम बर्फ टाकला, तर अंतिम तापमान किती? दिलेली उष्णता बरोबर घेतलेली उष्णता, असे मांडून हुशार मुले −१३·३° असे उत्तर काढतात आणि त्याखाली दोन रेघा ओढतात. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर. पुस्तकांतल्या उदाहरणांचे आकडे सहसा असे निवडलेले असतात की हा प्रसंगच येऊ नये, म्हणून ही मुले वर्षभर पूर्ण गुण मिळवत असतात. ४० ग्रॅम पाणी ०° पर्यंत उतरताना ८०० कॅलरी देते आणि सारा बर्फ वितळायला १६०० लागतात. तेव्हा दहा ग्रॅम बर्फ वितळेल, दहा ग्रॅम तसाच तरंगत राहील. एक पेला, थोडा बर्फ आणि तापमापी घेतली तर हे पाच मिनिटांत टेबलावर दाखवता येते, फक्त चांगले ढवळावे लागते.