‘फरक आढळला नाही’, पण कुणाला?

माझी मावसबहीण सरकारी रुग्णालयात सर्जरीची रेसिडेंट आहे. दिवाळीत घरी आली आणि फराळ करता करता बसल्या जागी झोपली. ती उठल्यावर मी उगाच शहाणपणा केला. म्हटलं, "ताई, अमेरिकेत यावर मोठी ट्रायल झालीये. सलग ड्युटी लांबली तरी फरक पडत नाही." ती एवढंच म्हणाली, "कुणाला?"

मला सांगता येईना. मी फक्त सारांश वाचला होता. मग अख्खा पेपर वाचला, आणि आज त्याबद्दलच लिहितेय.

आधी पार्श्वभूमी. अमेरिकेत २००३ पासून रेसिडेंटना आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आहे. २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटसाठी सलग १६ तासांची मर्यादा आली. ती हवी की नको, हे तपासायला २०१४-१५ मध्ये सर्जरीच्या ११७ प्रशिक्षण कार्यक्रमांत ‘फर्स्ट’ ट्रायल झाली. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटात नियम तसेच राहिले. दुसऱ्यात सलग ड्युटी आणि मधली विश्रांती यांवरची बंधनं सैल केली. ३० दिवसांत मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत झालेले रुग्ण नियमवाल्या गटात ९.० टक्के, सैल गटात ९.१ टक्के निघाले. २०१६ मध्ये पेपर आला आणि २०१७ मध्ये १६ तासांची मर्यादा गेली.

ट्रायल भक्कम आहे, हे आधी मान्य करू. एवढ्या कार्यक्रमांत रँडमायझेशन करणं सोपं नसतं. माझा आक्षेप तिच्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर आहे.

पहिला प्रश्न: बदललं काय? ८० तासांची मर्यादा दोन्ही गटांना होती. बदलली ती तासांची मांडणी. त्यामुळे ‘कितीही तास काम केलं तरी चालतं’ असं हा पेपर म्हणतच नाही.

दुसरा: मोजलं काय? रुग्णाचा मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत. पण रुग्ण आणि रेसिडेंटची चूक यांच्यामध्ये सीनियर, भूलतज्ज्ञ, नर्स असे बरेच जण उभे असतात. दमलेल्या डॉक्टरची चूक बहुतेकदा कुणीतरी वेळीच पकडतं. रुग्णासाठी ते चांगलंच, पण मग हा आकडा थकव्याबद्दल फारसं सांगत नाही. २००४ च्या एका अभ्यासात निरीक्षकांनी आयसीयूत प्रत्यक्ष हजर राहून चुका मोजल्या, तेव्हा जुन्या लांब वेळापत्रकात इंटर्नच्या गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त निघाल्या. अभ्यास एकाच रुग्णालयातला होता, पण मोजपट्टी थकव्याच्या जास्त जवळची होती.

तिसरा, ताईचा: कुणाला? ‘फर्स्ट’मध्येच रेसिडेंटना विचारलं होतं. एकूण समाधानात लक्षणीय फरक नव्हता, पण विश्रांती, तब्येत आणि घरच्यांसाठीचा वेळ यांवर वाईट परिणाम होतो असं सैल गटातले जास्त जण म्हणाले. सारांश वाचून मी नेमकं हेच विसरले. शिवाय २००५ च्या दुसऱ्या एका अभ्यासात, लांब ड्युटीनंतर घरी जाताना इंटर्नच्या गाडीला अपघात होण्याची शक्यता दुपटीहून जास्त दिसली.

आता लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. २०२० मध्ये बालकांच्या सहा आयसीयूंतल्या ट्रायलमध्ये ड्युटी लहान केल्यावर चुका उलट वाढल्या! कारण शोधलं तर प्रत्येक रेसिडेंटच्या वाट्याचे रुग्ण वाढले होते. तो भार हिशेबात धरल्यावर ही वाढ उरली नाही. तास कमी केले आणि माणसं वाढवली नाहीत, तर काम कुठे जाणार?

आणि आपल्याकडे? केंद्र सरकारच्या १९९२ च्या परिपत्रकात रेसिडेंटसाठी दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत फक्त ‘वाजवी’ तास आहेत. ‘वाजवी’ मोजायचं कसं? ज्या पेपरमध्ये दोन्ही गट ८० तासांच्या आत बांधलेले होते, तो इथे पुरावा म्हणून दाखवताना मी तरी आता दहा वेळा विचार करीन.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर ‘फरक आढळला नाही’ हे वाक्य दिसलं की वहीत तीन ओळी लिहा: काय बदललं, काय मोजलं, कुणावर मोजलं. मी पण आता तेच करते. ताईला हे सगळं मेसेज करून पाठवलंय. ती ड्युटीवर आहे, अजून वाचलेलं नाही.