परतीचा निकाह

घटस्फोट घेतलेले जोडपे पन्नाशीत पुन्हा प्रेमात पडते, हा इंग्रजी विनोदी चित्रपटांचा आवडता विषय. 'टिकेट टू पॅराडाइज' (२०२२) मध्ये जॉर्ज क्लूनी आणि ज्युलिया रॉबर्ट्स मुलीचे लग्न मोडायला बाली बेटावर जातात आणि भांडता भांडता पुन्हा जवळ येतात. जळगाव-धुळ्याच्या मोहल्ल्यात ही गोष्ट सांगितली, तर पहिला सवाल येईल : मग हलाल्याचे काय?

हा सवाल सिनेमानेही आमच्या मनात पक्का केला. बी. आर. चोप्रांच्या 'निकाह' (१९८२) मध्ये तलाक म्हणजे रागाच्या भरात तीनदा उच्चारलेला शब्द. पहिला नवरा नीलोफरला परत मागतो, दुसरा तिला देऊन टाकायला निघतो. ती दोघांनाही सुनावते. त्याच वर्षी जळगावात मुस्लिम स्त्रियांवरील सिनेमाबंदीविरुद्ध रझिया पटेल लढल्या. बाईला विचारायचे राहून जाते, हे दुखणे पडद्यावरही होते आणि गावातही.

वास्तविक कुरआनने परतीची वाट दोनदा खुली ठेवली आहे. एका तलाकनंतर इद्दतीच्या आत नवरा रुजू करू शकतो. इद्दत उलटली, तर नवा निकाह, नवा मेहर आणि तिची मंजुरी. एका दमातला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली रद्द ठरवला, २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. आमच्या कथा मात्र फार करून त्याच तीन शब्दांपाशी घुटमळतात.

रुसवा, विनोद, मोठ्या झालेल्या मुलांची मध्यस्थी, सारे त्या दुसऱ्या निकाहात मावते. पन्नाशीची बाई नव्या मेहरची रक्कम स्वतःच्या तोंडाने सांगते, तो प्रसंग आम्हाला वाचायचा आहे.