कुंपणातील बाग आणि शिडाचा गाडा

बागेचे चित्र निरागसच असते, असे आपण मानतो. सतराव्या शतकातील डच मुद्राचित्रे पाहिली, की हा समज टिकत नाही. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली ही चित्रे बाजारात विकली जात. म्हणूनच त्यांतली बाग सामान्य माणसाशी राजकारण आणि पैसा यांविषयी बोलते.

विलेम बाउतेवेख याचे १६१५ चे अम्लरेखन घ्या. स्पेनशी १६०९ मध्ये झालेला बारा वर्षांचा तह तेव्हा चालू होता. कुंपण घातलेल्या बागेत हॉलंडची कुमारिका बसली आहे. सिंह राखण करतो आहे. बाहेर कपटी स्पेन टपून आहे. बाग म्हणजे प्रजासत्ताक, कुंपण म्हणजे त्याचे स्वातंत्र्य. आपल्या वाचकांना ही बाग ओळखीची वाटेल. 'गीतरत्ना'तील बंदिस्त बागेत ख्रिस्तसभेने पवित्र मरियेचे कौमार्य पाहिले आणि मध्ययुगीन चित्रकारांनी ती पुनःपुन्हा रंगविली. डचांनी कुंपण ठेवले, कुमारिका बदलली. रूपक सुंदर आहे, पण अपुरे. त्या प्रजासत्ताकात कॅथलिकांना उघड उपासनेस बंदी होती. मरियेची लेकरे खाजगी घरांत, बंद दारांआड मिस्साबलिदानासाठी जमत. कुंपण कोणाला बाहेर ठेवते, हे चित्र सांगते. आत कोणाला गप्प बसविते, हे सांगत नाही.

फेब्रुवारी १६३७ मध्ये ट्युलिपच्या कंदांचे भाव कोसळले. त्यावर धाकट्या क्रिस्पेन व्हान डे पास याने 'फ्लोराचा मूर्खांचा गाडा' हे चित्र छापले. येथे फुलांची देवता फ्लोरा मातीवर नाही, शिडाच्या गाड्यावर आहे. वारा नेईल तिकडे ती जाते. मागून हार्लेमचे विणकर आपले माग टाकून धावतात. मातीपासून सुटलेले फूल म्हणजे श्रमापासून सुटलेला पैसा, हा अर्थ एका दृष्टिक्षेपात कळतो. हेच या चित्राचे सामर्थ्य.

तरीही त्यातले हसू मला खटकते. अ‍ॅन गोल्डगार यांनी २००७ च्या ग्रंथात दाखविले, की या व्यवहारात मुख्यतः व्यापारी व सुस्थित कारागीर होते, आणि देशाची अर्थव्यवस्था त्यात बुडाली नाही. मग माग टाकून धावणारा विणकरच चेष्टेचा विषय का? लोभाचे पाप गरिबाच्या अंगावरच आपल्या नजरेत लवकर भरते. ही खोड प्रवचनकारालाही जडते. म्हणून हे चित्र मी आधी स्वतःसमोर धरतो.

एक चित्र दोष कुंपणाबाहेर शोधते, दुसरे मागावरच्या माणसात. बाग राखायची, तर कधीतरी राखणदाराकडेही पाहावे लागते.